पास झालेले प्लग

पुंजा मिस्त्रीनं तळहातानं उजवा डोळा झाकला आणि चिमटीत धरलेल्या स्पार्क प्लगाकडे डाव्या डोळ्यानं पाहिलं. भाजलेल्या बिस्किटाचा रंग. मग डावा झाकून उजव्यानं पाहिलं. खडूसारखा पांढरा.

त्यानं प्लग बाकावर ठेवला, काळा गॉगल कपाळावर सारला, हात फडक्याला पुसले आणि पुन्हा तेच केलं. डाव्यानं बिस्किटी, उजव्यानं पांढरा. प्लग तर एकच होता.

उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आज अकरावा दिवस. पट्टी काढताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "काही दिवस सगळं जास्त उजळ आणि निळसर वाटेल, घाबरू नका. खरा रंग तोच आहे. इतके दिवस तुम्ही पिवळ्या काचेतून बघत होता." घरी आल्यावर दोन दिवस पुंजा नुसता बघत बसला होता. भिंतीचा चुना, ताटातली भाताची शितं, दोरीवर वाळत घातलेलं धोतर. पाडव्याला चिमणाबाईनं आणलेला सदरा त्यानं कपाटातून काढून उन्हात धरला. आणला तेव्हा "पिवळा पडलेला कशाला आणला?" म्हणून तो तिच्यावर चिडला होता. सदरा पांढराशुभ्र होता. "एवढा उजेड होता का गं सगळीकडे?" तो बायकोला विचारत राहिला, आणि चिमणाबाई प्रत्येक वेळी हो म्हणत राहिली.

आज रविवार. गाडीला हात लावायचा नाही या अटीवर चिमणाबाईनं त्याला जेल रोडच्या गॅरेजवर सोडलं होतं. हातांना काम नव्हतं, म्हणून त्यानं फळीवरचा लाकडी खोका खाली घेतला होता. हा प्लग त्यातलाच.

नाशिकमध्ये ज्यांच्याकडे म्हणून जुन्या येझदी, राजदूत मोटरसायकली उरल्या होत्या, ते सगळे कधी ना कधी पुंजाकडे येत. पंचेचाळीस वर्षांत त्याची पद्धत बदलली नव्हती. गाडी मोकळ्या रस्त्याला भरधाव न्यायची, पळत्या गाडीतच इंजिन बंद करायचं, थांबल्या जागी प्लग काढायचा आणि त्याच्या चिनी मातीच्या टोकाचा रंग बघायचा. टोक काळं आलं तर इंजिनाला पेट्रोल जास्त होतंय. पांढरं आलं तर पेट्रोल कमी पडतंय आणि आत नको तेवढी आग आहे. अशी गाडी सपाटीवर गोड पळते आणि घाटाच्या चढाला पिस्टन जाम होऊन चाक जागच्या जागी धरते. या दोहोंमधला बिस्किटी रंग आला की गाडी पास. मग तो प्लग काढून घ्यायचा, गाडीला नवा बसवायचा, आणि जुन्याला मालकाच्या नावाची, तारखेची चिठ्ठी बांधून या खोक्यात ठेवायचा. नव्या गिऱ्हाइकाला खोका उघडून दाखवायला पुंजाला आवडे.

आता उजव्या डोळ्यानं बघत त्यानं खोक्यातले प्लग तारखेप्रमाणे बाकावर मांडायला घेतले. सहा-सात वर्षांपूर्वीचे सगळे बिस्किटी होते, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असे. चार वर्षांपूर्वीचे थोडे फिके होते. तीन वर्षांपूर्वीचे त्याहून फिके. गेल्या दोन वर्षांतले सतरा प्लग त्यानं एका ओळीत ठेवले आणि गॉगल पुन्हा वर केला. सतराही पांढरे होते.

डोळ्यात पिवळेपणा चढत गेला तसा तो प्रत्येक गाडीचं पेट्रोल थोडं थोडं तोडत गेला होता. त्याला बिस्किटी दिसेपर्यंत.

ओळीतल्या शेवटच्या प्लगाची चिठ्ठी त्यानं उलटी केली. 'हर्षल, येझदी.' तारीख वीस दिवसांपूर्वीची. ऑपरेशनच्या आधी हातून गेलेली ती शेवटची गाडी. आणि गाडी नेताना हर्षल म्हणाला होता, पुढच्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या. ग्रुपबरोबर, बायकोला घेऊन सापुताऱ्याला. म्हणजे आज.

पुंजानं खिशातून फोन काढला. बटणं दाबताना अंगठा दोनदा चुकला.

"हर्षलभाऊ, कुठं पोचले?"

"वणीला. मिसळ खातोय सगळे. का हो मिस्त्री?"

"तिथंच थांबा. घाट चढायचा नाय."

"का? काय झालं?"

"गाडी मी चुकीची सेट केलीय. मी येतो. मी येईपर्यंत किक मारू नका."

पलीकडे बशा वाजत होत्या. "अहो, मख्खन पळतीये गाडी. पन्नास किलोमीटर आलोय."

"आधी मख्खनच पळते," पुंजा म्हणाला. "वहिनी मागं हायत ना? थांबा मग."

त्यानं फोन ठेवला. दाराशी सविता रॉकेलच्या ताटलीत कार्बोरेटरचे भाग धूत बसली होती. ती आता त्याच्याकडे बघत होती.

सविता भोये मूळची पेठकडच्या डोंगरातली. अकरा वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर बांधकामाच्या मजुरीला नाशिक रोडला आली आणि पुढं झाडलोटीला म्हणून पुंजाच्या गॅरेजात लागली. झाडू कधी सुटला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. आता प्लग घासणं, कार्बोरेटर धुणं, तयार झालेली गाडी मालक यायच्या आत वॉशिंग सेंटरवर नेऊन आणणं ही सगळी कामं तिची होती. पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी जेटवर नखाएवढ्या जागेत आकडे कोरलेले असतात, आकडा मोठा तितकं पेट्रोल जास्त. ते पुंजाला दिसेनासे झाल्यापासून वाचायचं कामही तिचंच.

"बाबा, त्या गाडीला काय व्हायचं नाय," ती म्हणाली. "जाऊ द्या त्यांना."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

आवाज वाजवीपेक्षा मोठा निघाला. सवितानं ताटली झाकली, हात पुसले, शटर ओढलं आणि स्कूटीची चावी घेतली.

"बसा," ती म्हणाली. "पण गॉगल काढायचा नाय. धूळ लय उडते त्या रस्त्याला."

म्हसरूळ मागं पडलं आणि दिंडोरीचा रस्ता मोकळा झाला. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव सुरू झाले. पुंजा या रस्त्यानं आयुष्यभर कळवणला, गावाकडे, जात आला होता. बाग म्हणजे हिरवी, डोंगर म्हणजे मातकट, एवढंच त्याला ठाऊक होतं. आज गॉगलच्या कडेच्या फटीतूनही दिसत होतं की एका मांडवात हिरव्याचे किती प्रकार आहेत. शेंड्याचं पान वेगळं, जुनं वेगळं, त्याखालची सावली आणखी वेगळी. दूरवर सप्तशृंगीचा डोंगर निळा उभा होता, आणि त्याच्या कड्यांच्या भेगा मोजता येत होत्या. नकळत त्यानं गॉगल उचलला.

"बाबा," आरशात बघत सविता म्हणाली.

त्यानं गॉगल खाली केला. हा उजेड आपल्याला असा, या कारणासाठी पळताना मिळावा याचं त्याला वाईट वाटलं. मग समर्थ आठवला आणि उजेडाचं काही सुचेना झालं.

समर्थ सिन्नरचा. दोन वर्षांपूर्वी पुंजानं पास केलेली त्याची राजदूत आठ दिवसांत कसाऱ्याच्या घाटात जाम झाली होती. चाक धरलं, पोरगा फेकला गेला, हात मोडला. टेम्पोत घालून गाडी आणली तेव्हा पुंजानं पिस्टन बघितला आणि गॅरेजात चार लोक उभे असताना त्याला सुनावलं, "पेट्रोलमध्ये ऑइल टाकायला नको का? गाडी पाण्यावर चालते का?" गळ्यात हात अडकवलेला समर्थ खाली मान घालून म्हणाला होता, "चुकलं काका."

वणीच्या बाहेर, हॉटेलापुढच्या बाकावर हर्षल आणि त्याची बायको निकिता बसले होते. बाकीच्या गाड्या पुढं गेल्या होत्या. काळी येझदी सावलीला लावलेली होती. हर्षलच्या चेहऱ्यावर नाराजी होती, पण पुंजाला स्कूटीवरून उतरताना आधार घ्यावा लागला ते बघून तो उठला.

"मिस्त्री, डोळ्याचं ऑपरेशन झालंय ना तुमचं? कशाला आलात एवढ्या लांब?"

"झालं म्हणूनच आलो," पुंजा म्हणाला. त्यानं इंजिनाच्या पाठीवर हात ठेवला. ते थंड झालं होतं. "चढाला फुल पळवून बघायला लागंल. पण त्यातच जाम व्हायची. तुम्ही नका बसू. मीच..."

"तुम्ही नाय," सविता म्हणाली. "मी नेते."

पुंजा काही बोलायच्या आत तिनं ओढणी कमरेला खोचली, हर्षलचं हेल्मेट उचललं आणि किक मारली. गाडी पहिल्या किकला सुरू झाली.

बोरगावच्या बाजूला रस्ता लगेच चढू लागतो. पुंजा रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. मागून आलेल्या टेम्पोनं हॉर्न दिला तसं निकितानं त्याला दंडाला धरून कडेला घेतलं. दुसरा गिअर, तिसरा. आवाज चढत गेला. पुंजानं मान थोडी वाकडी केली. घाईचा, कोरडा, पत्र्यासारखा आवाज येणार या धास्तीनं तो ऐकत होता. आवाज भरलेला होता. चौथा गिअर. गाडी वळणाआड गेली, पण आवाज येतच होता. आणखी थोडं, आणखी थोडं, आता बंद कर, असं पुंजाच्या मनात आलं आणि त्याची डावी मूठ क्लच दाबल्यासारखी आपोआप मिटली.

त्याच क्षणी आवाज तुटला.

पुंजा आपल्या मिटलेल्या मुठीकडे बघत राहिला. पळत्या गाडीचं इंजिन नेमकं कुठं तोडायचं हे त्यानं कुणाला शिकवलं नव्हतं. शिकवता येत नाही असंच तो म्हणायचा.

थोड्या वेळानं वळणावरून येझदी उताराला लागली. इंजिन बंद, फक्त चेनचा आवाज. सवितानं ती बरोबर त्याच्यापुढं आणून थांबवली, फडक्यात धरून गरम प्लग काढला आणि त्याच्या हातात दिला. त्याच्याकडे न बघता.

पुंजानं गॉगल काढला. या वेळी कुणी त्याला टोकलं नाही.

टोक बिस्किटी होतं. सगळीकडून सारखं, एका बाजूलाही जळकं नाही की ओलं नाही. खोक्यातल्या जुन्या प्लगांसारखं, नव्हे, त्यांच्याहूनही नितळ. असा रंग वर्षात एखादा मिळाला तर तो चिमणाबाईला दाखवायला घरी न्यायचा. उन्हात तो फिरवून फिरवून बघताना, हा रंग आपण किती वर्षांनी पाहतोय याचा त्याला हिशेब लागेना.

"काय झालं?" हर्षलनं विचारलं. "वाईट आहे का?"

"पाना द्या," पुंजा म्हणाला.

त्यानं स्वतः कार्बोरेटरची वाटी उतरवली. जेट सोडवून तळव्यावर घेतला आणि उजव्या डोळ्यापाशी नेला. कोरलेले आकडे स्पष्ट दिसत होते. ब्याण्णव.

"मी अठ्ठ्याऐंशी लावायला सांगितला होता," तो म्हणाला.

सविता हेल्मेटचा पट्टा गुंडाळत होती. तिनं तो पूर्ण गुंडाळला, मग सोडला, मग पुन्हा गुंडाळला. सतरा प्लग पांढरे, आणि समर्थच्या नंतर एकही गाडी जाम होऊन आली नव्हती, हे पुंजाच्या आता ध्यानात आलं.

"मिस्त्री, मला नीट सांगा ना," हर्षल म्हणाला. "गाडी खराब आहे की चांगली आहे?"

"चांगली हाय. मी पास केली तवा नव्हती." जेट पुंजानं पुन्हा जागेवर फिरवून बसवला. बोटांना ते काम डोळ्यांशिवायही येत होतं. "ही सविता. सेटिंग हिचं हाय. एकट्या तुमच्या गाडीचं नाय. दोन वर्षांतलं सगळं."

हर्षलनं सविताकडे पाहिलं. "गेल्या वर्षी धुळ्याचे दोघं तुमच्याकडे आले होते ना, ते माझ्या गाडीचा आवाज ऐकून," तो सावकाश म्हणाला. "ग्रुपमध्ये सगळे म्हणतात, मिस्त्रींचा हात म्हातारपणी जास्तच खुललाय."

पुंजानं मान हलवली. त्याला राग येईल, निदान लाज वाटेल, असं त्याला वाटलं होतं. तसं काहीच वाटेना. भरल्या देवळात गेल्यावर माणूस गप्प होतो तसा तो आतून गप्प झाला होता.

नवा प्लग बसला. निकिता हेल्मेट घालून मागं बसायला आली आणि पाय टाकण्याआधी थांबली. तिनं पुंजाकडे पाहिलं नाही.

"ताई, जाऊ ना आम्ही?"

"जा," सविता म्हणाली. "उतरताना गाडी नुसती सोडू नका. मधनंमधनं जरा ॲक्सिलेटर द्यायचा. नायतर आत ऑइल पोचत नाय."

गाडी चढाला लागली आणि वळणाआड गेली. दोघं आवाज पुरता विरेपर्यंत उभे राहिले. मग सवितानं हॉटेलातून दोन चहा आणले आणि ते रस्त्याकडेच्या आंब्याखाली बसले, पुंजा एका दगडावर, ती थोडी दूर.

"समर्थच्या गाडीपासनं का?" पुंजानं विचारलं.

तिनं मान डोलावली. "तो प्लग मीच धुतला. पांढरा होता, वर चांदीचे बारीक ठिपके. पिस्टन वितळून उडालेला. ऑइल कमी पडल्यावर असं नाय होत. मग मी खोका उघडून बघितला."

"मला का नाय बोललीस?"

"भीती वाटली. तुम्ही चार लोकांपुढं त्याला बोललात. आता मी काय म्हणायचं?" ती चहाच्या कपाकडे बघत राहिली. "माझ्या बोलण्यावर तुमचा विश्वास नसता बसला. प्लगावर बसला असता, पण तो तुम्हाला दिसत नव्हता."

"मग?"

"मग धुवायला नेते ना मी गाडी, तिकडंच. मिसरीच्या डबीत जेट ठेवते. एक बदलायचा, पुढं मळ्याच्या रस्त्याला पळवायची, प्लग बघायचा. नाय जमलं तर दुसरा. सुरुवातीला चार-चार खेपा व्हायच्या. तुम्ही ओरडायचात, धुवायला एवढा वेळ लागतो का म्हणून."

पुंजाला ते आठवत होतं. तो ओरडायचा.

"सतराही गाड्या?"

"चौदा," ती म्हणाली. "तीन गाड्यांत तुमचाच जेट बरोबर होता. तुम्ही प्लग पांढराच पास केला होता, पण कुठनं तरी जादा हवा आत जात होती. ती बंद केली, जेट तोच ठेवला."

तिनं ते अशा सरळपणे सांगितलं की पुंजाला हसू फुटलं, आणि हसता हसता ऑपरेशनच्या डोळ्याला पाणी आलं. तिनं घाईनं ओढणीचं स्वच्छ टोक पुढं केलं. त्यानं नको म्हणून हात हलवला.

"समर्थकडं जायचंय," तो म्हणाला. "आत्ताच. असंच सिन्नरला. जाशील घेऊन?"

"जाऊ की."

पण तो उठला नाही. येझदीचा प्लग अजून त्याच्या मुठीत होता, आता कोमट. त्यानं तो पुन्हा उन्हात धरला. "रंग असा माझ्याही हातनं कधी आला नाय गं. चांगल्या डोळ्यांच्या दिवसांतही नाय. काय बघतेस तू?"

सविता थोडी घुटमळली. मग सरकून जवळ आली.

"मी टोक नाय बघत, बाबा."

"मग काय बघतेस?"

"टोकाचा रंग फसवतो. गाडी सिग्नलला जरा जास्त उभी राहिली तरी बदलतो. धुताना मी सुई आत घालते ना, पार तळाला, तिथं एक कड असते. ती लवकर जात नाय." तिनं बांगडीत अडकवलेली पिन काढली, प्लग त्याच्या हातातच उन्हाकडे वळवला आणि चिनी मातीच्या कडेनं पिनेचं टोक खोल आत नेलं. "इथं. दिसतंय का?"

पुंजा वाकला. आधी नुसता अंधार दिसला. तिनं त्याचं मनगट धरून प्लग जरासा कलता केला, आणि ऊन आत उतरलं. सगळ्यात तळाला, पांढऱ्या मातीभोवती, केसाएवढी तपकिरी रेघ गोल फिरली होती. कुठं तुटलेली नाही, कुठं पसरलेली नाही. पंचेचाळीस वर्षं, हजारो प्लग, आणि ती रेघ प्रत्येकात असणार होती.

रस्त्यानं उसाची ट्रॉली गेली. धूळ उडाली. सवितानं त्याच्या डोळ्यांपुढं आडवा हात धरला आणि धूळ बसेपर्यंत तसाच ठेवला.

"किती जाड असली म्हणजे बरोबर?" पुंजानं विचारलं.

ती सांगू लागली. पुंजा मिस्त्री दगडावरून खाली उतरला आणि तिच्यापुढं मातीत नीट मांडी घालून बसला.